घाटदेवाचे मीठ

फार पूर्वी, शैलवती नगरात सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका घाटराख्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव क्षेमंकर. शैलवती हे पठारावरचे नगर, आणि समुद्राकडून तिथे येणारी गाडीवाट एकच होती. तिला मेघवाट म्हणत. मिठागरांचे गाव मागे पडले की ती वाट दाट रानातून वर चढे, आणि माथा येईपर्यंत बैलांच्या तोंडाला फेस येई. वाटेवर आलेल्या दरडी उपसायच्या, ढासळलेले कठडे पुन्हा रचायचे, उन्मळलेली झाडे बाजूला ओढायची, ही क्षेमंकराच्या कुळाची कामे. वाट राखायची म्हणजे तिच्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना राखायचे, असे तो मानी. त्या सगळ्यांत सांबरे, भेकरे आणि गवेही येतात, हे मात्र त्याच्याखेरीज कुणाच्या गावीही नव्हते.

घाटमाथ्यावर, उतरणीच्या अगदी पहिल्या वळणाशी, शेंदूर फासलेला एक धोंडा होता. तो घाटदेव. मिठाच्या गाड्या वर आल्या की गाडीवान खाली उतरे, गोणीतून चिमूटभर मीठ काढून धोंड्यापुढे ठेवी, हात जोडी आणि नगराकडे निघे. ही रीत कुणी घातली ते कुणाला माहीत नव्हते, आणि चिमूटभर मिठाने कुणाचे काही बिघडतही नव्हते. दव पडले की ते विरघळून जाई.

गाडीवानांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, प्रमुख धरणक हा क्षेमंकराचा लहानपणापासूनचा मित्र. माणूस मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा. तो खदखदून हसला की जुंपलेले बैलही दचकत. त्याला फार उशिरा झालेला एकुलता एक मुलगा होता, पुनर्वसू. मुलगा पहिल्यांदा स्वतः गाडी हाकत घाट चढून आला, त्या दिवशी धरणकाचा आनंद गगनात मावेना. त्याने चिमूट बाजूला ठेवली, अख्खी गोणी खांद्यावर घेतली आणि धोंड्यावर रिकामी केली. "देवा, पोराला सांभाळ," तो म्हणाला. मीठ धोंड्यावरून ओघळून वाटेवर पसरले. सगळे गाडीवान वाहवा करू लागले. क्षेमंकरही तिथे होता, आणि आपल्या मित्राचे हे वेड पाहून तोही हसला.

नगरात मीठ उतरवून, धान्य भरून, काही दिवसांनी गाड्या परत निघाल्या. भल्या पहाटे धुके होते. पुनर्वसूची गाडी सर्वांत पुढे होती. उतारावर गाडी धावू नये म्हणून तिच्या मागे लाकडाचा ओंडका बांधून फरफटत नेतात. त्याने वेग कमी होतो, पण गाडी जागच्या जागी थांबत नाही. वळणावर सांबरांचा कळप वाटेतच उभा होता. बैल बुजले, एका अंगाला ओढले गेले, आणि गाडी पोरासकट दरीत गेली. क्षेमंकर वेली धरून खाली उतरला आणि त्यानेच त्या मुलाला पाठीवर घेऊन वर आणले. लहानपणी त्याला पाठीवर घेऊन तो याच वाटेने करवंदे खायला न्यायचा.

धरणक रडला नाही. तो एवढेच म्हणाला, "मी कमी दिलं."

पुढच्या खेपेला त्याने दोन गोण्या ओतल्या. पुढारीच असे करू लागल्यावर बाकीच्यांचे धाबे दणाणले. ज्याचे देवाला जास्त मीठ त्याची गाडी सुखरूप, असे प्रत्येकाच्या मनाने घेतले, आणि चिमटीची ओंजळ झाली, ओंजळीची टोपली झाली. मग आणखी गाड्या उलटल्या. गाडी उलटली की लोक म्हणत, देव रागावला, आणि आणखी मीठ ओतत. मीठ वाढले की गाड्याही जास्त उलटत. इतकी साधी गोष्ट, पण ती कुणाच्या ध्यानात येईना. घाबरलेल्या माणसाला आपण काय करतो आहोत ते दिसत नाही. आपण काहीतरी करतो आहोत एवढेच त्याला दिसते, आणि त्यावरच तो समाधान मानतो.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी क्षेमंकराला वळणावर चाकाखाली सापडलेले भेकर दिसले. ते ओढून बाजूला करताना त्याचे तोंड उघडले, आणि जिभेवर मिठाचे खडे दिसले. नंतर काही दिवस पहाटे तो करवंदीच्या जाळीमागे बसून पाहत राहिला. रानातून सांबरे येत, गवे येत, पोटुशा माद्या येत आणि पाडसांना घेऊन आलेल्या माद्या येत. धोंडा चाटत, वाट चाटत, खारावलेली माती दातांनी उकरून खात. पावसाने रानातला सगळा खारटपणा धुऊन नेलेला असतो, आणि दूध पाजणाऱ्या जनावराला मिठाची ओढ अनावर असते. गाडीचा आवाज आला तरी त्यांची मान वर होत नसे.

मग त्याने मनाशी मागचे दिवस आठवून पाहिले. धरणकाने ती पहिली गोणी कधी ओतली, त्याआधी या वळणावर कळप कधी कुणी पाहिला होता का, आणि पुनर्वसू कधी गेला. सगळे जुळले. तो वाटेच्या कडेला मटकन खाली बसला. ज्या मिठाने मुलाला सांभाळायचे, त्याच मिठाने मुलगा गेला होता.

हे धरणकाला कसे सांगायचे? क्षेमंकराने सांगितले नाही. त्याने केरसुणी घेतली, टोपली घेतली, आणि रोज वळणावरचे मीठ झाडून दूर रानात नेऊन टाकू लागला. वाटेपासून बऱ्याच आत एक सखल, कातळाने वेढलेली जागा होती. तिथे तो ते मीठ पसरी. थोड्याच दिवसांत जनावरे तिकडे वळू लागली.

पण असे काम लपून राहत नाही. शिवक नावाच्या एका गाडीवानाने त्याला टोपली भरताना पाहिले आणि आरडाओरड केली. देवाचे मीठ चोरतो म्हणून गाडीवान क्षेमंकराच्या अंगावर धावून गेले. तेव्हा धरणकच मध्ये पडला.

"खबरदार कुणी हात लावलात तर," तो गरजला. "माझ्या पोराला यानं दरीतून वर आणलंय." मग क्षेमंकराकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, "क्षेमा, का रे केलंस असं?"

ती वेळ बोलण्याची होती. पण धरणकाचे ते थकलेले तोंड पाहून क्षेमंकराची जीभ उचलेना. "पुन्हा हात लावणार नाही म्हण," धरणक म्हणाला, आणि क्षेमंकराने होकाराची मान डोलावली. बोधिसत्त्व झाला तरी तो त्या जन्मी माणूस होता, आणि मित्राला दुखवायला भ्याला. त्या गप्प बसण्याची किंमत रानाने मोजली. हिवाळा सरेपर्यंत वळणाखालच्या दरीत गिधाडे बसून असत.

मग एके दिवशी राजाच्या मेहुण्याचीच गाडी त्या वळणावर उलटली. तो जिवानिशी वाचला, पण त्याचा पाय कायमचा गेला. राजाने क्षेमंकराला बोलावून घेतले.

"घाटराख्या," राजा म्हणाला, "घाटातली जनावरांची एकन् एक वाट तुला ठाऊक आहे. येत्या पौर्णिमेला हाका घालायचा. दोन्ही अंगांचं रान झोडपून काढायचं, खाली खिंडीत जाळी लावायची. शिंगाचं म्हणून एक जनावर उरता कामा नये. हाक्याचा म्होरक्या तू. काम झालं की घाटाखालची सगळी गावं तुझ्या कुळाला देतो."

"महाराज, मला हे जमणार नाही," क्षेमंकर म्हणाला.

सभेत कुजबुज सुरू झाली. राजाच्या भुवया चढल्या. "का?"

"जनावरं आपण होऊन वाटेवर येत नाहीत, महाराज. आपण त्यांना बोलावतो." आणि त्याने मिठाचे सगळे सांगितले. फक्त पुनर्वसूचे नाव घेतले नाही.

सुकेतू राजा दुष्ट नव्हता. सिंहासनावर बसणाऱ्याला जेवढे धैर्य परवडते तेवढे त्याच्याजवळ होते, त्याहून जास्त नव्हते. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "तू म्हणतोस ते खरं असेलही. पण देवापुढचं मीठ मी हुकमानं उचलणार नाही. उद्या एखादी गाडी दरीत गेली, तर लोक माझ्या दाराशी येऊन बसतील. गाडीवानांनी आपण होऊन सोडलं, तर हाका मी थांबवतो. नाही सोडलं, तर पौर्णिमेला रान साफ होईल. तू म्होरक्या नसलास तर दुसरा कुणी असेल."

गाडीवान म्हणजे धरणक. तो म्हणेल तसे ती श्रेणी चाले, हे राजालाही ठाऊक होते. क्षेमंकर सभेतून बाहेर पडला तेव्हा शिकारी मंडळी अंगणात जाळी पसरून फाटलेले सांधे विणत बसली होती. त्या जाळ्यांच्या कडेने तो खाली मान घालून गेला. एका पारड्यात सगळे रान होते आणि दुसऱ्यात एका बापाचे उरलेसुरले आयुष्य. दोन्ही उचलून धरण्याची काही युक्ती त्याला सुचेना.

तो धरणकाच्या घरी गेला, तर धरणक खाली मिठागरांच्या गावी गेलेला. त्याची बायको भद्रा ओसरीवर धान्य पाखडत बसली होती. तिने त्याला बसायला पाट दिला आणि पाणी आणून ठेवले.

"वहिनी," क्षेमंकर म्हणाला, "धरणकाशी मला एक बोलायचं आहे. आधी तुम्हांला सांगावं असं वाटलं. त्या वळणावरचं मीठ..."

"भाऊजी, मला ठाऊक आहे," भद्रा म्हणाली. तिचे सूप थांबले नाही.

क्षेमंकराने उचललेले पाण्याचे भांडे खाली ठेवले.

"पुनर्वसूच्या पहिल्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघं वळणावर गेलो होतो. हे डोळे मिटून गोणी ओतत होते. मी डोळे मिटले नव्हते. रानाच्या कडेला एक सांबरीण उभी होती. आमची पाठ कधी फिरते याची वाट बघत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं होतं?" भद्राने सूप खाली ठेवले. "ह्या माणसानं पोर गेल्यापासून अन्न सोडलं होतं. मीठ ओतून आले, की तेवढा एक दिवस पोटभर जेवायचे. म्हणायचे, आज देव खूश झाला असेल. मी ताटात भात वाढायची आणि गप्प बसायची. तुम्ही असता तर काय केलं असतंत?"

"मीही गप्पच बसलो होतो," क्षेमंकर म्हणाला.

अंगणात चिमण्या दाणे टिपत होत्या. मग त्याने हाक्याची हकिकत सांगितली, आणि पौर्णिमेला काय होणार तेही सांगितले. भद्रा डोळे पुसून म्हणाली, "मग असं करा. देवानं दृष्टान्त दिला म्हणून सांगा. स्वप्नात आला आणि म्हणाला, मला मीठ नको, रानात नेऊन टाका. तुमच्यावर ह्यांचा विश्वास आहे. रान वाचेल आणि हेही वाचतील."

खरे सांगायचे तर हा विचार क्षेमंकराच्या मनातही येऊन गेला होता. त्याला त्याचा मोह पडला होता, आणि वाटेने येताना ते खोटे बोलणे त्याने मनात घोळवूनही पाहिले होते.

"वहिनी, मी तसं सांगितलं, तर धरणक विचारील, मग देवाला हवं तरी काय? मीठ नको, तर काय देऊ? आज गोणी ओततोय तो उद्या बैल कापील. त्याचं बघून बाकीचे कापतील. त्याची भीती आहे तिथंच राहील आणि वळणावर मिठाच्या जागी रक्त येईल. आणि मी एकदा देवाच्या नावानं खोटं बोललो, की पुढं देवाच्या तोंडून काय वदवायचं ते ज्याचं तो ठरवील."

"आणि खरं ऐकून हे तसेच दरीकडे चालू लागले तर?"

"तसं होणार नाही, असं मी म्हणू शकत नाही," क्षेमंकर म्हणाला.

भद्राने सुपातले दाणे हाताने सारखे केले. "सांगा तर मग," ती म्हणाली. "पण सांगून निघून जाऊ नका, भाऊजी. खरं बोलणारी माणसं बोलतात आणि मोकळी होतात. तुम्ही मोकळे होऊ नका."

दुसऱ्या दिवशी धरणकाच्या गाड्या घाट चढून आल्या. त्याने नेहमीप्रमाणे वळणावर मीठ ओतले. क्षेमंकर त्याला म्हणाला, "उद्या उजाडायच्या आधी माझ्याबरोबर इथं ये. एक दाखवायचं आहे." धरणकाने का म्हणून विचारले नाही. त्या दोघांत तशी रीतच नव्हती.

पहाटे दोघे करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसले. धुके इतके दाट होते की हात लांब केला तर बोटे दिसू नयेत. हळूहळू फटफटू लागले आणि रानातून एक सांबरीण बाहेर आली. तिच्या मागे तिचे पाडस होते, अजून पाय नीट न ठरणारे. सांबरीण धोंड्याजवळ आली आणि मीठ चाटू लागली. पाडसाने आईचे पाहून मातीला तोंड लावले.

धरणकाने क्षेमंकराचा दंड घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "क्षेमा, बघ," तो कुजबुजला. "देवाची जनावरं माझं मीठ खातायत. देवानं माझं घेतलं रे. इतक्या दिवसांनी घेतलं."

क्षेमंकर सांगायला त्याच्याकडे वळला. आणि तेवढ्यात वरून ओंडका फरफटत आल्याचा आवाज आला.

नगराहून परतणाऱ्या गाड्या उजाडल्यावरच निघतील असे क्षेमंकराने धरले होते. शिवकाला घाई होती, आणि तो अंधारातच निघाला होता. क्षेमंकर जाळी फाडून बाहेर धावला, ओरडला, त्याने हात उडवले. सांबरीण उसळली आणि एका झेपेत रानात गेली. पाडस मात्र गोंधळून वाटेच्या मधोमध उभे राहिले. धुक्यातून बैल आले. क्षेमंकराने झेप घेऊन पुढच्या बैलाची वेसण धरली आणि सारे अंग टाकून जोडी डोंगराच्या बाजूला दाबली. गाडी कातळावर आदळून तिरकी झाली. तिचे एक चाक कड्याबाहेर लोंबत राहिले. शिवक वाचला, बैलही वाचले. दुसऱ्या चाकाखाली पाडस सापडले होते.

रानाच्या कडेला सांबरीण येऊन उभी राहिली. ती पळाली नाही. तिने एकदा हाक घातली, मग पुन्हा घातली.

धरणक जाळीतून बाहेर आला होता. तो पाडसाकडे पाहत होता, मग बाहेर लोंबणाऱ्या चाकाकडे, मग धोंड्यावरच्या मिठाकडे. त्याचे ओठ हलत होते. तो मनाशी काहीतरी मागे मागे जाऊन आठवत होता, आणि काय ते क्षेमंकराला कळत होते, कारण तेच आठवत तो स्वतः याच जागी बसला होता.

"पुनर्वसूच्या खेपेला," धरणक म्हणाला, "मी पहिल्यांदा गोणी ओतली होती."

"हो."

"त्याआधी इथं कळप येत नव्हता."

"नाही."

धरणक त्याच्याजवळ आला. त्याने क्षेमंकराचे दोन्ही खांदे धरले. "क्षेमा, तू खोटं बोलत नाहीस हे सगळा घाट जाणतो. म्हणून तुला सांगतो. नाही म्हण. माझ्या मिठानं माझं पोर गेलं नाही, एवढं म्हण. एकदाच म्हण. जन्मभर तुझा चाकर होऊन राहीन."

क्षेमंकराचे अश्रू गालांवरून वाहत होते. "त्या मिठानंच गेलं, धरणका," तो म्हणाला. "तू प्रेमानं ओतलंस. पण त्यानंच गेलं."

शिवकाच्या हातून पडलेला बैल हाकायचा दांडा धरणकाच्या पायाशी होता. त्याने तो उचलला आणि क्षेमंकराच्या तोंडावर मारला, पुन्हा मारला. शिवक धावत आला, पण क्षेमंकराने हात करून त्याला थांबवले. तो जागचा हलला नाही. त्याच्या भुवईतून रक्त येऊन एक डोळा झाकला गेला. मग धरणकाच्या हातून दांडा गळून पडला, आणि तो कड्याकडे चालू लागला.

क्षेमंकर त्याच्या पुढे जाऊन अगदी कड्यावर बसला, दरीकडे पाठ करून. त्याने धरणकाचा हात धरला नाही, की त्याला काही समजावले नाही. बसून राहिला. त्याच्यावरून गेल्याशिवाय पुढे वाट नव्हती. धरणक त्याच्यासमोर उभा राहिला. धुके वर उचलले, दरी दिसू लागली, खालच्या मिठागरांवर ऊन आले, आणि तरी दोघे तसेच होते. शेवटी शिवकाचा निरोप मिळून भद्रा आली. तिने नवऱ्याच्या मनगटाला धरले आणि त्याला लहान मुलासारखे घरी नेले.

त्या संध्याकाळी श्रेणीची सभा भरली. धरणक उभा राहिला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मागच्या लोकांना कान द्यावा लागला. "माझ्या पोराला मीच मारलं," तो म्हणाला. "त्या वळणावर मीठ टाकून मारलं. तुमच्या ज्या गाड्या गेल्या त्या माझं बघून गेल्या. आता वळणावर खडाही पडता कामा नये. द्यायचं असेल तर वाट सोडून आत रानात जा, कातळाच्या सखलात ठेवा आणि मुकाट परत या." एवढे बोलून तो खाली बसला.

राजाने शब्द पाळला आणि हाका रद्द केला. जाळी पुन्हा कोठारात गेली. क्षेमंकराला गावे मिळाली नाहीत, उलट राजाच्या मेहुण्याने पुढे त्याच्याशी दावा धरला. सांबरे, भेकरे आणि गवे पुढची कैक वर्षे त्या रानात नांदले. त्यांना यातले काहीच कळले नाही. ती सांबरीण मात्र बरेच दिवस वळणावर येऊन उभी राहत असे, आणि गाडीवान ओंडक्याचा दोर धरून, बैलांना चुचकारत, तिला वाट सोडून द्यायला लावीत.

मीठ थांबले तरी वळणाची माती खारी झालीच होती. ती चाटायला जनावरे येतच. म्हणून धरणक रोज कुदळ घेऊन तिथे जाई, ती माती खणी, टोपलीत भरी आणि रानात नेऊन टाकी. पुन्हा त्याने गाडी जुंपली नाही. क्षेमंकरही रोज कुदळ घेऊन येई आणि त्याच्या शेजारी खणत राही. त्या दिवसापासून धरणक त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. चार-पाच पावसाळ्यांनंतर धरणक मेला, तोवर नाही आणि मरतानाही नाही. क्षेमंकराने कधी क्षमा मागितली नाही, आणि एक दिवसही खाडा केला नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारातल्या सभेत सांगितली. सभेत मागच्या बाजूला भिक्षू यशोदत्त बसला होता. त्याच्याचसाठी ही कथा निघाली होती. विहाराकडे येताना त्याने एका तरुण भिक्षूला, त्याचे पाय दुखतात म्हणून दया येऊन, जवळच्या आडवाटेने आणले होते, आणि त्या आडवाटेवर तरुण साप चावून गेला होता. तेव्हापासून यशोदत्त भेटेल त्याला एकच विचारीत होता, यात माझा हात नव्हता ना? आणि सगळे जण दयेने म्हणत होते, नाही, नव्हता. त्याला मात्र झोप लागत नव्हती.

शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा सुकेतू म्हणजे आताचा गृहपती विपुल. त्या वेळची भद्रा म्हणजे भिक्षुणी सुव्रता. पुनर्वसू म्हणजे परवा आपण ज्याला अग्नी दिला तो तरुण भिक्षू. धरणक म्हणजे हा यशोदत्त. आणि घाटराखा क्षेमंकर तो मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमी, म्हणजे सत्याचे व्रत, पाळली. रानातल्या मुक्या जिवांसाठी ती पाळावी लागली, आणि जो तिच्याखाली सापडला त्याच्यापासून मी उठून गेलो नाही, म्हणून ती करुणाही झाली."

यशोदत्ताने मान वर केली. त्याने या वेळी काही विचारले नाही. भिक्षेची वेळ झाली तसे बाकीचे एकेक करून उठले, पात्रे घेऊन गावाकडे गेले. शास्ता आपल्या आसनावरून उतरले, मागे गेले आणि यशोदत्ताच्या शेजारी जमिनीवर बसले. उन्हे उतरेपर्यंत ते तिथेच होते.